नवऱ्याचं घड्याळ, सासूचे पाय

माझ्या नवऱ्याला चालण्याचा पहिल्यापासून तिटकारा. आम्ही मस्कतमध्ये अल् खुवैरला राहतो. इथे सगळेच गाडीने फिरतात हे खरं, पण हा माणूस आमच्याच इमारतीखालच्या दुकानातून ताक आणायलाही गाडीची किल्ली शोधतो. दुकानासमोर गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा आणि दुकानदाराने बाहेर येऊन बाटली खिडकीतून आत द्यायची, ही इथली पद्धत म्हणजे त्याच्या मते मानवी प्रगतीचा कळस. या देशात नोकरी करायला आपण आलो ते योग्यच केलं, असं तो दर हॉर्नला म्हणतो.

अशा माणसाला त्याच्या कंपनीने सर्वांत जास्त चालणारा कर्मचारी म्हणून ढाल दिली. ढाल आमच्या टीव्हीशेजारी उभी आहे आणि तिच्यावरची धूळ मी मुद्दाम पुसत नाही.

झालं असं की हिवाळ्यात माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. अमरावतीजवळच्या गावात त्यांनी अंगणवाडी सेविका म्हणून जन्म काढला. पोरं गोळा करायला, आयांना समजवायला, तालुक्याच्या मीटिंगला, सगळीकडे पायी. निवृत्त झाल्या तरी पाय काही निवृत्त झाले नाहीत. आल्या दिवशी त्यांनी आमच्या इमारतीचा जिना चढउतार करून पाहिला आणि लिफ्टमधून येणाऱ्या मला विचारलं, "काहून वं, तुहा पाय दुखते का?"

आता आखाती घरांमधला वस्तूंचा उतरता क्रम सांगायला हवा. नवी वस्तू नवऱ्याची. तिच्यामुळे जुनी झालेली बायकोची. बायकोची जुनी गावाकडच्या दिराची. आणि जी दिरालाही नको असते ती 'आईला राहू दे' म्हणून आईची. फोन, टॅब, सुटकेसा, परफ्युमच्या अर्ध्या बाटल्या, सगळं याच वाटेने ओघळत गावी जातं. नवऱ्याने नॅशनल डेच्या सेलमध्ये नवं स्मार्टवॉच घेतलं तेव्हा जुनं माझ्याकडे आलं. मी नको म्हटलं. माझी पावलं, झोप आणि नाडी मोजणारा एक माणूस घरात आहेच, तेवढा पुरे. मग दिराला वगळून, क्रम मोडून, ते घड्याळ थेट सासूबाईंच्या मनगटावर गेलं.

"आई, हे तुझ्यासाठी," असं म्हणून त्याने स्वतः पट्टा बांधला.

घड्याळ दुसऱ्याला द्यायचं तर आधी ते आपल्या फोनपासून सोडवायचं, कोरं करायचं आणि मग त्या माणसाच्या फोनला जोडायचं असतं. हे मलाही माहीत होतं आणि तो तर इंजिनिअर. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "आईला कशाला त्या भानगडीत पाडायचं? माझ्या फोनला राहू दे. म्हणजे मला तिच्या तब्येतीवर लक्ष ठेवता येईल." मी विरघळले. माणूस बदलू शकतो यावर माझा तोपर्यंत विश्वास होता.

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज संध्याकाळी एक कार्यक्रम सुरू झाला. ऑफिसातून आला की हा बूट काढायचा, चहाचा कप घ्यायचा आणि थेट आईशेजारी जाऊन बसायचा. हातात फोन.

"सकाळी मस्त चाललीस आज. दुपारी काय झालं?"

"आडवी झाली ना थोडी."

"अगं आई, जेवून लगेच आडवं नाही व्हायचं. हृदयाला चांगलं नाही. पाच वाजता उतरली होतीस का खाली?"

"उतरली तं. त्या मशिदीपाशी जाऊन आली."

"मग पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत गेली असतीस तर बरं झालं असतं."

हे सगळं सोफ्यात पसरून, पायाखाली उशी घेऊन. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण हा सोफ्यावरून आई हाकत होता. सासूबाईंना मात्र त्याचं काही वाटत नसे. उलट त्या नुसत्या फुलून यायच्या. हा मुलगा वर्षानुवर्षं त्यांच्याशी गाडी चालवतानाच फोनवर बोलत आला होता: बरी आहेस ना, गोळ्या घेतेस ना, सिग्नल सुटला, ठेवतो. आता तोच रोज शेजारी बसून विचारत होता की दुपारी कुठे होतीस. चार वाजल्यापासून त्यांचं घड्याळाकडे लक्ष असायचं. वेळ पाहण्यासाठीच म्हणा.

इथेच दार्सैतला एका कुटुंबाकडे शुक्रवारी आम्ही विदर्भ-मराठवाड्याची मंडळी बुद्धवंदनेला जमतो. तिथे सासूबाईंनी हात पुढे करून सगळ्या बायकांना घड्याळ दाखवलं. "माह्या पोराले माह्या पावलापावलाची खबर रायते," म्हणाल्या. बायकांनी सुस्कारे सोडले. एकीने घरी जाऊन आपल्या मुलाशी भांडण काढलं असंही नंतर कानावर आलं. नवरा माझ्याकडे बघून नम्रपणे हसला. ते हसणं मी त्या वेळी मातृभक्ती म्हणून खपवून घेतलं.

मग हळूहळू भक्तीला धार चढत गेली. मस्कतबाहेर बरक्याच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो तर हा एसी लावून गाडीत बसला आणि आईला म्हणाला, "पूर्ण बाजार दोनदा फिरून ये. त्याशिवाय भाव कळत नाही." त्या गेल्या, फिरल्या, आणि पहिल्याच कोळ्याकडची सुरमई घेऊन आल्या. ऊन वाढलं तसा हा त्यांना संध्याकाळी मॉलमध्ये न्यायला लागला. त्या एसीत गोल गोल फेऱ्या मारायच्या, हा वर फूड कोर्टात शोर्मा खात बसायचा. मॉलच्या रखवालदाराने एकदा त्यांना थांबवून विचारलं की अम्मा, कोई खो गया है क्या.

घरी आल्यावर त्या बाथरूमच्या बादलीत गरम पाणी आणि मीठ घालून पाय बुडवून बसायच्या. घोटे सुजून तुकतुकीत दिसायचे. मी म्हटलं, "आई, उद्या राहू द्या ना. एक दिवस नाही चाललात तर काय होणार आहे?"

"नाई वं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी तो इचारन ना."

आणि मग तो शुक्रवार आला. दुपारी मटण-भात जेवून नवरा सोफ्यावर आडवा झाला होता. जेवून लगेच आडवं होऊ नये, हा नियम हृदय असलेल्यांसाठी होता. तोंड उघडं, एक हात जमिनीवर लोंबतोय, घोरणं स्वयंपाकघरापर्यंत. सासूबाई 'जरा जाऊन येते' म्हणून खाली गेल्या होत्या. टेबलावर त्याचा फोन वाजला. मी उचलून पाहिला तर फोन त्या झोपलेल्या माणसाचं अभिनंदन करत होता. आज तुम्ही उत्तम चाललात. तुमच्या वयोगटातल्या पुरुषांमध्ये तुमची कामगिरी अव्वल आहे. पाठोपाठ ऑफिसच्या ग्रुपवर त्याच्या एका सहकाऱ्याचा निरोप आला: भाई, शुक्रवारी पण थांबत नाहीस, खातोस काय?

मी वर सरकवून सगळा ग्रुप वाचला. कंपनीत 'वेलनेस चॅलेंज' चालू होतं. जो सर्वांत जास्त चालेल तो पहिला. कंपनीचं ॲप फोनला विचारत होतं, फोन जुन्या घड्याळाला विचारत होता आणि घड्याळ माझ्या सासूबाईंच्या मनगटावर बसून इमाने इतबारे उत्तर देत होतं. कधीही न सोडवलेल्या त्या घड्याळाच्या लेखी हातात नवराच होता. यादीत त्याचं नाव सगळ्यांच्या वर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा, आणि नागोबा घोरत होता.

मी त्याला पाण्याचा हबका मारून उठवलं नाही, याचं आजही मला कौतुक वाटतं. फक्त फोन त्याच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"काही नाही गं, ॲपचं असतं काहीतरी."

"काहीतरी म्हणजे आईचे पाय ना?"

तो उठून बसला, उशी मांडीवर घेतली आणि मीटिंगमध्ये बोलतो तसं शांतपणे बोलू लागला. "हे बघ, तिचा व्यायाम होतो. माझा नंबर येतो. यात नुकसान कोणाचं आहे? आणि मी एकटाच नाही. आमच्या एकाने घड्याळ ड्रायव्हरला घालायला दिलंय. दुसऱ्याने पोराच्या पायाला बांधून त्याला फुटबॉलला पाठवलंय. मी निदान घरच्या मोठ्या माणसाला दिलंय."

"तिचे पाय पाहिलेस? बादली पाहिलीस?"

"मग तिने सांगायला नको का? मी रोज विचारतो की तिला!"

रोज विचारत होता हे खरंच होतं. मी म्हटलं, आजच्या आज ते घड्याळ तुझ्या फोनपासून सोडव, कोरं कर आणि तिच्या फोनला जोड. तो म्हणाला, "फायनल होऊ दे. मग खलास. शब्द."

फायनल झाली. बक्षीस समारंभ एका हॉटेलात, सहकुटुंब. सासूबाईंनी वंदनेसाठी ठेवलेली निळ्या काठाची पांढरी साडी नेसली. नवऱ्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या सगळ्यांत आधी टाळ्या वाजवू लागल्या आणि सगळ्यांत शेवटी थांबल्या. नवरा मंचावर चढला. चार पायऱ्या होत्या, थोडी धाप लागली. माईक हातात घेऊन सातत्य, शिस्त, मनोनिग्रह वगैरे झाल्यावर तो इंग्रजीत म्हणाला की याचं सारं श्रेय माझ्या आईला, तिनेच मला चालायला शिकवलं. सभागृह हेलावलं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण 'मदर' कळलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्याचे ओमानी साहेब मुद्दाम आमच्या टेबलापाशी आले, छातीवर हात ठेवून वाकले आणि इथे आईला म्हणतात तशी 'मामा' हाक मारून हिंदीत म्हणाले, "मामा, आपका बेटा बहुत चलता है."

"हाव," सासूबाई म्हणाल्या. टेबलाखाली त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. पट्ट्यांचे वळ पायांवर उमटले होते.

गाडीत बसल्यावर नवरा आरशातून मागे बघत म्हणाला, "आई, पुढच्या आठवड्यापासून दुसरा सीझन आहे. तुला जरा चांगले बूट घेऊया."

संताप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घरी पोचेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. त्याने तो रुकार समजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या हातातलं घड्याळ मी चार्जिंगच्या निमित्ताने काढून घेतलं, नवऱ्याचा फोन घेतला आणि दोन्ही जेवणाच्या टेबलावर ठेवून त्याला समोर बसवलं. "चल. यल्ला."

आधी त्याने चलाखी केली. घड्याळाचं बाजूचं बटण दाबून धरलं, सगळं पुसलं, "हे घे, झालं कोरं," म्हणाला. घड्याळ काळं झालं, थोडा वेळ विचार केला, उजळलं आणि पहिल्याच दमात पुन्हा त्याच्याच खात्याचा पासवर्ड मागू लागलं. इतकी पतिव्रता मीही झाले नव्हते. नुसतं घड्याळ पुसून भागत नाही. सोडायचं ते फोनने. हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि मला ठाऊक नसेल अशी आशा होती.

मग फोन उघडला. घड्याळाचं चित्र, त्याखाली लाल अक्षरांत वेगळं करण्याची सूचना. फोनने विचारलं की आधी जुनी माहिती जपून ठेवू का.

"एवढं तरी राहू दे," तो काकुळतीला आला. "इतक्या महिन्यांची मेहनत आहे."

"कोणाची?"

त्याने मुकाट्याने 'नाही' दाबलं. पोरीच्या पाठवणीला करावा तसा चेहरा करून पासवर्ड भरला. गोल चक्र फिरत राहिलं आणि फोनच्या पडद्यावरून ते घड्याळ एकदाचं नाहीसं झालं. बरक्याच्या बाजारातल्या फेऱ्या गेल्या, मॉल गेला, मशिदीपर्यंतची ती रोजची संध्याकाळ गेली. ढाल तेवढी राहिली.

मी सासूबाईंना बोलावून त्यांचा फोन घेतला आणि घड्याळ त्यावर नव्याने जोडलं. त्याने नाव विचारलं, जन्मवर्ष, उंची, वजन. सासूबाईंनी शिरगणतीला आलेल्या मास्तरला सांगावं तसं ताठ बसून एकेक सांगितलं. आपण एका म्हाताऱ्या बाईच्या हातात आहोत हे त्या घड्याळाला पहिल्यांदाच कळलं. त्याने लगेच चालण्याचं लक्ष्य निम्म्याहून खाली आणलं आणि अधूनमधून बसत जा म्हणून सुचवलं. मला वाटलं, चला, घरात एकाला तरी अक्कल आहे.

स्वयंपाकघरात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. लपवायचं कशाला? तुमचं चालणं त्याच्या नावावर जात होतं, ती ढाल खरं तर तुमची आहे, असं सरळ म्हटलं. त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"त्याच्या नावावर गेलं तं गेलं," म्हणाल्या. "लोकाच्या नावावर तं नाई ना गेलं. शाळेत त्याचे मातीचे बैल मीच करून देत होती. बक्षीस तोच आणे."

"आणि पाय सुजले ते?"

"ते काय, उतरते."

मी रागाने कुकर चढवला. माझ्या मते मी त्यांची सुटका केली होती, आणि सुटका झालेल्या माणसाने निदान एकदा शिव्या तरी द्याव्यात अशी माझी अपेक्षा होती.

त्या संध्याकाळी नवरा घरी आला. बूट काढले, चहा घेतला आणि सवयीने आईशेजारी जाऊन टेकला. फोन उघडला. फोनमध्ये आई नव्हती. दोन-तीनदा बोट फिरवून पाहिलं, मग क्रिकेटचा स्कोअर लावला. दुसऱ्या संध्याकाळी तो शेजारी टेकलाही नाही, पलीकडच्या खुर्चीत बसला. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन बेडरूममध्ये गेला. मुद्दाम नाही. रुसूनही नाही. पाहायला काही उरलं नव्हतं म्हणून.

सासूबाई मात्र त्याच वेळी, सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात येऊन बसत. मनगट मांडीवर, घड्याळ वरच्या बाजूला. पाय छान उतरले होते. चपला सैल व्हायला लागल्या होत्या. घड्याळ दर तासाला त्यांना शाबासकी द्यायचं, ती त्या वाचायच्यासुद्धा नाहीत.

एके दिवशी मी भाकरीचं पीठ मळत असताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. जरा घुटमळल्या.

"काय वं, हे घड्याळ परत त्याच्या फोनले जोडता येते का?"

माझा हात पिठातच राहिला. "आई, अहो, कशाला? परत तेच सुरू होईल. मॉल, बादली, सगळं."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "इचारत तं होता."

इतके दिवस नवऱ्याच्या नावाने बोटं मोडली होती, ती तशीच पिठात रुतून राहिली. त्या बाईला सगळा हिशेब आधीपासून समजला होता आणि तिला तो महाग वाटला नव्हता. पायांच्या बदल्यात रोज संध्याकाळी एक कप चहाभर मुलगा मिळत होता. मला फार वाईट वाटलं, आणि नवऱ्याचा इतका राग आला की त्याच्यासाठी भाकरी थापायची नाही असं मी ठरवलं.

"नाही जोडणार," मी म्हटलं. "तुम्हीच जा आणि बसा त्याच्यासमोर. अंगणवाडीत एवढी पोरं सांभाळलीत, हे एक सांभाळता येत नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि खरंच बेडरूमकडे गेल्या. मी पिठाच्या हातांनी मागोमाग. नवरा पलंगावर टेकून फोनमध्ये होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि बरोबर त्याच्यासमोर बसल्या.

"आज मी चालली," म्हणाल्या.

"हं? हो का, छान," त्याने मान वर न करता म्हटलं. "पण आता माझ्याकडे दिसत नाही ना, आई."

"नाई दिसत तं मले इचार," सासूबाई म्हणाल्या. "मी तुह्या समोरच बसली आहो."

नवऱ्याने फोन खाली ठेवला. आईकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सासूबाई हात मांडीवर ठेवून वाट बघत होत्या. काय विचारायचं ते मात्र त्याला काही केल्या सुचत नव्हतं.